आधीच्या झाडांचा हिशेब द्या, मग रुंदीकरणाला हात घाला

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रस्ता रुंद करायला माझा विरोध नाही, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढचं वाचायच्या आतच ‘विकासविरोधी’ असा शिक्का बसेल. सोलापूर-पुणे रस्ता चौपदरी नव्हता तेव्हा टेंभुर्णी-इंदापूर पट्ट्यात रात्री दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीमागे किती गाड्या घुसल्या, हे इथल्या लोकांना सांगायला नको. रस्ते झाले, बरं झालं.

माझं भांडण पुढाऱ्यांच्या झाडप्रेमाशी आहे. हे प्रेम विरोधी बाकावर फुलतं आणि खुर्ची मिळाली की वाळतं. 2019 च्या ऑक्टोबरात मुंबईत आरे कॉलनीतली झाडं रातोरात पडली, तेव्हा सत्तेतलाच एक पक्ष गळा काढत होता. डिसेंबरपर्यंत सरकार बदललं, औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) प्रियदर्शिनी उद्यानातल्या स्मारकासाठी झाडं जाणार अशी बातमी आली आणि आरेत कुऱ्हाड चालू देणाऱ्यांनाच वृक्षप्रेमाचा उमाळा आला. झाडं दोन्हीकडची सारखीच, फक्त रडणारे बदलले.

तीच गत 33 कोटी वृक्षलागवडीची. 2019 मध्ये तिचा डंका वाजला. 2021 मध्ये पुढच्या सरकारने तिची चौकशी करायला आमदारांची समिती जाहीर केली. समितीची घोषणा करणारे वनराज्यमंत्री दत्तात्रय भरणे त्या वेळी आपल्याच जिल्ह्याचे पालकमंत्री होते. म्हणजे सोलापूरच्या वाट्याची रोपं कुठे लावली आणि त्यातली किती जगली, हे सांगायला त्यांच्याहून सोयीचा माणूस नव्हता. कुणाच्या गावच्या फळ्यावर तो आकडा लागल्याचं आठवत असेल, तर जरूर कळवावं.

मी रस्त्याच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. पूर्वी रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाला गेरू-चुन्याचा पट्टा आणि खोडावर नंबर असे. त्या नंबराची नोंद वहीत: कुठल्या मैलात, डावीकडे की उजवीकडे, जात कुठली, घेर किती. चिंचेच्या झाडांचा दरसाल लिलाव होई आणि चार पैसे सरकारजमा होत. फांदी परस्पर तोडली, तर मैलकुलीला (रस्त्याची देखभाल करणाऱ्या मजुराला) जाब द्यावा लागे. झाडाला हिशेबात जागा होती. आता झाड हिशेबात येतं ते एकदाच, तोडायच्या दिवशी.

संत ज्ञानेश्वर पालखी मार्गाचंच घ्या. 8 नोव्हेंबर 2021 ला पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीने त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली आणि दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी खास पायवाट मिळणार, असं सांगितलं गेलं. कल्पना चांगलीच होती. पण धर्मपुरीपासून नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत वाखरीपर्यंत ज्या वड-लिंब-चिंचांच्या सावलीत दिंड्या विसावत, त्यातली बरीचशी या रुंदीकरणात गेली. वेळापूरकडच्या एका चहावाल्याला रस्ता कसा वाटतो असं विचारलं, तर म्हणाला, “रस्ता झ्याक झालाय की ओ, पण माणसानं उभारायचं कुठं?” दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल आहे, टँकरने पाणीही मिळतं. पण कण्हेरीखाली दिंडी कशी बसणार? कडेला लावलेल्या रोपांपैकी कित्येक ठिकाणी नुसता ट्री गार्ड उभा आहे, आत वाळकं गवत.

पुनर्रोपण म्हणून जे दाखवतात, त्याबद्दल न बोललेलं बरं. फांद्या छाटून, बुंध्याला पोतं गुंडाळून वड खड्ड्यात उभा करतात, फोटो काढतात. पुढे पाणी कुणी घालायचं, हे ठेकेदाराला विचारावं तर त्याची मुदत संपलेली. एका कार्यालयात मी रोपांची यादी मागितली, तर ‘ठेकेदाराकडे असेल’ असं उत्तर मिळालं.

कागदावर सगळं चोख आहे. केंद्राच्या 2015 च्या हरित महामार्ग धोरणात रस्त्याच्या खर्चातला 1 टक्का झाडांसाठी बाजूला काढायचं ठरलं. हजार कोटींच्या रस्त्याला दहा कोटी झाले. दहा कोटींत काय काय जगवता येतं, हे आमच्या बार्शी-सांगोल्याच्या बागायतदारांना विचारा, ते बोटांवर मोजून सांगतील. 2021 मध्ये राज्याने शहरी वृक्ष कायदा बदलला. 50 वर्षांच्या पुढचं झाड वारसा वृक्ष ठरलं, आणि तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची असा नियम आला. नियम झकास, पण तो शहरापुरता. महापालिकेच्या हद्दीतला वड वारसा आणि हद्द ओलांडून पाकणीकडे गेलं की तोच वड सरपण! महामार्ग तर सारे हद्दीबाहेरूनच जातात.

पर्यावरण मंजुरीच्या नियमातही अशीच फट आहे. 100 किलोमीटरपेक्षा लांब आणि ठरावीक मापापेक्षा जास्त जादा जागा लागणाऱ्या रुंदीकरणालाच ती मंजुरी लागते. उत्तराखंडात चारधामच्या सुमारे 900 किलोमीटर रस्त्याचे 53 तुकडे पाडून काम काढलं गेलं, तेव्हा ही युक्ती देशाला कळली. जमीन तुकड्यात विकायला आम्हाला तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो, सरकारला नाही.

आता शक्तिपीठ महामार्ग. मूळ आखणीत वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत 802 किलोमीटर. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी 20,787 कोटींची तरतूद मंजूर केली. त्या आखणीत आपल्या जिल्ह्यातले बार्शी, उत्तर सोलापूर, मोहोळ, पंढरपूर, सांगोला हे तालुके होते. नंतर आखणी बदलण्याची भाषा सुरू झाली. शेतकऱ्यांचा प्रश्न साधा आहे. तुळजापूरहून सोलापूर, मंगळवेढा, सांगोला करत कोल्हापूरकडे जाणारा नागपूर-रत्नागिरी महामार्ग असताना हा दुसरा कशाला? त्याचं उत्तर असेलही, पण ते आकड्यांनी द्यावं. मिळालं काय, तर 2024 च्या विधानसभेच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यातलं भूसंपादन रद्द झालं आणि मतं मोजून झाल्यावर महामार्गाचा विषय पुन्हा उभा राहिला. त्याच सत्ताधारी आघाडीतले काही नेते कोल्हापुरात गेले की शेतकऱ्यांच्या बाजूचे होतात आणि मुंबईत बसले की महामार्गाच्या. विरोधकांचंही कौतुक नको. सुरत-चेन्नई द्रुतगती महामार्गाचा मोबदला कमी पडतो म्हणून बार्शी-अक्कलकोटचे शेतकरी रस्त्यावर आले, तेव्हा ‘पर्यावरण’ हा शब्द कुणाच्या भाषणात नव्हता. नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्याचं क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटरवरून 1,222 वर आणलं, तेव्हाही कुठल्या पक्षाने हरकत घेतल्याचं मला आठवत नाही. माळढोकाला मत नाही, हे खरंच.

सोलापूर केंद्राच्या प्रदूषित हवेच्या शहरांच्या यादीत आहे. एप्रिल-मेत पारा 43-44 च्या पुढे जातो. जुना पुणे नाका आणि जुना बोरामणी नाका इथून निघणाऱ्या दोन उड्डाणपुलांचं घोडं भूसंपादनात अडकून वर्षं गेली. ते उद्या सुटेल आणि पुन्हा खोडांवर आकडे पडतील. म्हणून खासदार, आमदार आणि पालकमंत्री, पक्ष कुठलाही असो, यांच्याकडे एवढंच मागणं आहे. 5 जूनला रोप लावताना फोटो काढण्याआधी मागच्या प्रत्येक रस्त्याची यादी जाहीर करा: तोडलेली झाडं, लावलेली रोपं, गाव, गट नंबर आणि आज जिवंत किती. 1 टक्क्याचे पैसे कुठे खर्च झाले, तेही त्याच कागदावर. ती यादी लागेपर्यंत नव्या रुंदीकरणातल्या एकाही मोठ्या झाडाला करवत लावू नये.

माणसं नाहीत, ही सबब चालणार नाही. माझ्यासारखे बरेच निवृत्त लोक जुळे सोलापुरात सकाळी फिरायलाच निघालेले असतात. यादी द्या, वही आणि टेप आमची. फक्त ऊन चढायच्या आत बोलवा.

आपला,
एक निवृत्त वाचक
जुळे सोलापूर, सोलापूर