आई-बाबा, तक्रार दाखल केली आहे

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "जाऊ दे, उगं कशाला" म्हणतात, आणि आई लगेच "जेवलीस का" विचारते. तिथंच विषय संपतो. म्हणून लिहितेय. कागदावर तरी मला पूर्ण बोलू द्या.

काकांच्या औशाच्या दुकानातून दिवाळीत मी घेतलेला कुकर फुटून आईचा हात भाजला, त्याची तक्रार मी केली आहे. लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, ऑनलाइन. ती आता मागे घेणार नाही. रागवा हवं तर, पण चिठ्ठी शेवटपर्यंत वाचा.

आधी काकांचं सांगते, कारण बाबा, तुमचा जीव तिथंच अडकलाय. आजीच्या वेळी अपरात्री जीप कुणी काढली होती, ते मी विसरलेली नाही. अर्जात काकांना लबाड म्हटलेलं नाही, की त्यांना माहीत होतं असंही म्हटलेलं नाही. पण त्यांचं नाव वगळता येत नव्हतं. खोक्यावर बनवणाऱ्याचा पत्ता छापलाय, तिथं पाठवलेली नोटीस परत आली. बनवणारा सापडत नसेल तर विकणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच तसं आहे. काकांनी घाऊक व्यापाऱ्याचं बिल दाखवलं, तर बनवणाऱ्यापर्यंत पोचायला वाट मिळेल. आणि हे बघा, तक्रारदार राहतो तिथंही तक्रार करता येते. मला पुण्यात करणं किती सोपं होतं! पण काकांना या वयात तारखेला पुण्याला यायला लावायचं नव्हतं. लातूर त्यांच्यासाठीच निवडलं, हे त्यांना तुम्ही सांगा. माझ्यापेक्षा तुमच्या तोंडून बरं वाटेल.

आता रिंगचं. बाबा, तुम्ही बाजारातून दुसरी रिंग आणून बसवली म्हणून हे झालं, असं मनात धरून बसला आहात. आईनं मला सांगितलं, की तुम्ही रात्री उठून ओट्याजवळ उभे राहता. असं करू नका हो. रिंग बाहेरची होती हे मी अर्जात आपणहून लिहिलंय, लपवलेलं काही नाही. समोरचे लोक तोच मुद्दा धरतील. ग्राहकानं वस्तूत फेरफार केला तर कंपनीची जबाबदारी जाते, असं ते म्हणतील. म्हणू देत. पण रिंग नीट बसली नाही तर बहुतेक वेळा कडेनं वाफ जाते, शिट्टीच होत नाही. वरण उतू येऊन शिट्टीची नळी तुंबली, तर सेफ्टी वॉल्व्हमधला धातू वितळून वाफेला वाट मिळायला हवी. आपला वॉल्व्ह जसाच्या तसा आहे, वितळलाच नाही. झाकणाचा दात मात्र तुटलाय. दोष कशात होता हे आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवून ठरवू शकतो. ते ठरेपर्यंत तुम्ही स्वतःला शिक्षा करून घ्यायची नाही.

आणि मूळ गोष्ट तर वेगळीच आहे. कुकरच्या तळाशी आयएसआयचा शिक्का आहे, त्याखाली परवान्याचा नंबर आहे. तो नंबर मी बीआयएस केअर ॲपवर, म्हणजे हा शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या ॲपवर, टाकून पाहिला. असा परवानाच नाही! १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआयशिवाय घरगुती कुकर विकता येत नाही, दुकानात नाही आणि ऑनलाइनही नाही. म्हणजे ती वस्तू औशाच्या त्या फळीवर यायलाच नको होती.

पैशासाठी हे करते असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या. दवाखान्याचा खर्च आणि आईला झालेला त्रास, एवढंच मागितलंय. अर्जाला फीसुद्धा पडली नाही, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला लागत नाही. माझ्या डोक्यात सारखं वेगळंच येतं. त्या दिवाळीत काकांच्या दुकानात तसल्या खोक्यांची थप्पी होती. बाकीचे कुकर कुणाच्या घरी गेले? कुणाच्या सुनेच्या हाताखाली आहेत आत्ता?

२०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ॲमेझॉनला असे २,२६५ कुकर परत घ्यायचा, लोकांचे पैसे द्यायचा आणि एक लाख दंड भरायचा आदेश दिला होता. फ्लिपकार्टलाही ५९८ कुकरसाठी तसाच. त्यांच्याकडे निदान कुणाला काय विकलं याची यादी असते. अमेरिकेत २०२५ च्या मे महिन्यात एका कंपनीनं विजेवरच्या सुमारे १८ लाख कुकरचा रिकॉल जाहीर केला, कारण आत दाब असतानाच झाकण उघडता येत होतं. शंभरावर माणसं भाजल्याच्या तक्रारी होत्या. तिथं झाकण फुकट बदलून दिलं. आपल्या गावात यादी कुठली? उधारीच्या वहीत जेवढी नावं असतील तेवढीच, बाकीची काकांच्या ध्यानात. म्हणूनच बाबा, तुम्ही त्यांच्याकडे जा. भांडायला नाही. "तो कुकर नेलेल्या प्रत्येकाला फोन करा, वापरू नका म्हणून सांगा," एवढंच म्हणा. हे काम दुसरं कुणी करू शकत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडेही मी वेगळा अर्ज दिलाय, कायद्यात तशी सोय आहे, पण कागद फिरायला वेळ लागतो आणि वरण रोज शिजतं.

बाबा, १९९३ ला किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांचे अर्ज तुम्ही कंदिलाच्या उजेडात लिहून देत होता. मी शेजारी झोपायची, तुमच्या टाकाचा आवाज ऐकत. तेव्हा एकालाही "जाऊ दे" म्हटलं नाहीत. आपल्याच घरचा अर्ज तुम्हाला जड का व्हावा?

आई, आता तू. तुझा हात. व्हिडिओवर दाखवताना तू पदर मुद्दाम पुढं ओढतेस, ते मला कळतं. चष्मा होता म्हणून डोळे वाचले, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. साखर असताना जखम लवकर भरत नाही, म्हणून ड्रेसिंग चुकवायचं नाही. "आज बरं वाटतंय" हे कारण चालणार नाही. खाज सुटली तर खाजवू नको, त्याचं मलम कपाटात वरच्या फळीवर ठेवलंय. पुन्हा कधी, देव न करो, कुणाला भाजलंच तर हळद नाही, पेस्ट नाही, शाई नाही. वीस मिनिटं नळाचं गार पाणी, मग दवाखाना.

स्वयंपाकाच्या मावशी पूर्ण बरं होईपर्यंत येतील. त्यांची भाकर जाड असते, वरणाला फोडणी कमी असते, मला सगळं माहीत आहे. तरी त्यांच्या मागं उभी राहू नको. खुर्ची घेऊन दारात बस आणि तिथून सांग. दुपारचा चहा बाबा करतील. बाबा, साखर वेगळी. नवा स्टीलचा कुकर पाठवलाय, त्याचा नंबर मी स्वतः तपासलाय. तुला आता शिट्टीचीच भीती वाटते ना? मग तो माळ्यावर राहू दे. डाळ भिजत घालून पातेल्यात शिजव, गॅस जास्त जाईल तर जाऊ दे. येळवसेला, वेळ अमावस्येच्या सणाला, मी येतेच. भज्जीच्या भाज्या मी निवडीन, आंबील तू सांगशील तशी करीन. लहानपणी शेतातल्या कोपीत मला थंडी वाजली की तू शालीच्या आत घ्यायचीस. या वेळी शाल मी आणते, तू नुसती बस.

काही गोष्टी मात्र ऐकाव्याच लागतील. फुटलेला कुकर, झाकण, शिट्टी, जुनी रिंग, सगळं पोत्यात बांधून देवघरामागच्या खोलीत ठेवलंय, ते तसंच राहू द्या. घासायचं नाही. भंगारवाल्याला तर मुळीच द्यायचं नाही. तोच पुरावा आहे. कुणी "नवीन कुकर घ्या आणि इथं सही करा" म्हणत आलं, तर चहा पाजा, पण सही करू नका. ओळखीचं असलं तरी नको. मला फोन लावा. आईच्या शपथपत्राला नोटरी घरी येतील, भाऊजींनी ठरवलंय. कुकर मी घेतला, पण वापरत आई होती, म्हणून कायद्यानं तीही ग्राहकच आहे. सुनावणीला ऑनलाइन हजर राहता यावं म्हणून मी अर्ज करणार आहे. लागलंच तर मी येईन. एसटीनं हेलपाटे तुम्हाला घालू देणार नाही. समोरच्यांना नोटीस मिळाल्यापासून तपासणीसकट पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. जास्त लागले तरी घाबरायचं नाही.

बाबा, काकांनी बोलणं टाकलं तर तुम्हाला किती लागेल, याची मला कल्पना आहे. त्याचं वाईट मलाही वाटेल. तरी जा.

तुमची,
मनू

ता. क. शेजारच्या वहिनींनी त्याच दिवाळीत कुकर घेतला होता, असं आई एकदा म्हणाली होती. त्यांच्या तळाचा फोटो आजच काढून पाठवा, नंबर स्पष्ट दिसेल असा. तोवर त्यांना वापरू देऊ नका.