आधी कोठी बघा, मग पातेलं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळेत पोषण आहाराची तपासणी आली की साहेब आधी पातेल्यावरचं झाकण काढायला सांगतात. चमचाभर खिचडी तळहातावर घेतात, मान डोलावतात, वहीत शेरा मारतात आणि पुढच्या शाळेला निघतात. कोठीतली पोती सोडून बघायला कुणाला सवड नसते. माझं म्हणणं, क्रम उलटा करा. आधी कोठी बघा.

मी गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असा कायदा आहे, त्यामुळं माझं नाव लागलं. नाहीतर मला कोण विचारतंय! पण आमचं घर किराणा-भुसारावर चालतं. मटकी नवी की जुनी, डाळीत किती चुरा आहे, हे सांगायला मला प्रयोगशाळा लागत नाही.

२०२४ च्या जूनमध्ये आहाराचा तक्ता बदलला. रोज नुसती खिचडी न देता मोडाची कडधान्यंही द्यायची ठरली. चांगलंच झालं. आमच्या स्वयंपाकीण मावशींनी एकदा मटकी भिजवून, उपसून फडक्यात बांधली. दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर थोडे दाणे फुगलेले, मोड जवळजवळ कशालाच नाही. बाकी सगळे गणंग, दाताखाली घ्यायची सोय नाही. कितीतरी दाण्यांना किडीची भोकं. मावशींनी मला बोलावून दाखवलं. मी त्याच पोत्यातली मूठभर मटकी घरी आणली आणि दुकानातल्या मटकीशेजारी दुसऱ्या वाटीत भिजत घातली. आमच्या मटकीला बोटाच्या पेराएवढे मोड आले, शाळेची तशीच बसून राहिली. एवढी जुनी मटकी दुकानात कुणी दिली, तर मी ती गिऱ्हाइकाला काय, म्हशीलासुद्धा घालणार नाही.

अशी मटकी शिजायला गॅस दुप्पट जातो. मावशी काय करणार? पाणी वाढवलं, मसाला चढवला, उसळीची पातळ आमटी केली. चव घेणाऱ्या शिक्षकांनी चव नोंदवहीत 'रुचकर' असं लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं, तिखट-मीठ बरोबरच होतं. पण तिखट-मिठाच्या चवीवरून दाण्याचं वय कसं कळणार?

आता वजनाचं. तांदळाच्या पोत्यावर ५० किलो छापलेलं असतं. टेम्पो येतो तो नेमका शाळा सुटायच्या वेळेला, आणि ड्रायव्हरला अजून चार गावं करायची असतात. 'गुरुजी, सही करा पटकन.' माल मोजूनच घ्यावा अशा सूचना आहेत, पण शाळेत काटा कुठाय? एकदा मी दुकानातला काटा नेऊन पोती चढवली, तर पोत्यामागं दीड-दोन किलो कमी. काही पोत्यांना हुकाची भोकं होती, तिथून गळालं असेल असं मानू. पण गळालेलं कुणाच्या हिशोबात धरायचं?

याचं उत्तर पोषण आहाराची रोजची नोंद करायच्या मोबाइल ॲपमध्ये आहे. गुरुजी त्यात रोज जेवलेल्या मुलांचा आकडा भरतात. पहिली ते पाचवीच्या मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीच्या मुलामागं १५० आणि ३०, या मापानं गुणाकार होतो आणि तेवढा साठा आपोआप वजा होतो. म्हणजे पोत्यात ४८ किलो आले तरी कागदावर ५० च संपणार. मधले दोन किलो मुख्याध्यापकांच्या डोक्यावर. त्यांनी तक्रार केली तर 'सही करताना झोपला होतात का' असं ऐकून घ्यायचं, आणि नाही केली तर पळी जरा हलक्या हातानं चालवायची. बहुतेक ठिकाणी पळीच हलकी होते. वरच्या साहेबांना ॲपमध्ये सगळं हिरवं, म्हणजे ठीकठाक दिसतं आणि तिसरीतलं पोर दुसऱ्यांदा ताट पुढं करतं तेव्हा पातेलं खरवडलेलं असतं.

शिक्षकांना दोष देणं मला पटत नाही. त्यांनी शिकवायचं की तेल-मिठाचे हिशोब ठेवायचे? या कामातून आम्हाला मोकळं करा, असं त्यांच्या संघटना म्हणतात ते बरोबर आहे. मावशींना मानधन महिना २५०० रुपये, तेही महिन्याच्या महिन्याला मिळेल याची खात्री नाही. आणि तरी माल कसा आहे हे सगळ्यांत आधी कळतं ते मावशींनाच. २०१३ च्या जुलैत बिहारमध्ये गंडामन गावच्या शाळेत जेवणातून २३ मुलं दगावली. तेलात कीटकनाशक होतं. त्या तेलाबद्दल स्वयंपाकीणबाईला शंका आली होती, तिनं ती बोलूनही दाखवली होती. कुणी ऐकलं नाही. त्यानंतर देशभर आधी मोठ्या माणसांनी चव घेण्यावर भर दिला गेला, पण स्वयंपाक करणारीनं 'हे मी रांधणार नाही' म्हटलं तर पुढं काय, हे आमच्या शाळेत अजून कुणी सांगितलेलं नाही.

पालकांचंही सांगते. आमच्याकडं तक्रारी येतात त्या 'प्लॅस्टिकच्या तांदळाच्या'. तो प्लॅस्टिकचा नसतो. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून केलेले ते दाणे असतात, शंभराला एक या प्रमाणात मिसळलेले. रंग जरा वेगळा असतो, म्हणून बायका ते निवडून फेकतात. म्हणजे पोषण उकिरड्यावर आणि गणंग मटकी ताटात! हे दाणे काय आहेत ते पहिल्या पालकसभेत कुणी हातात घेऊन दाखवलं असतं तर एवढी बोंब झाली नसती.

अंड्याचं मला अजून वाईट वाटतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असा निर्णय झाला. २०२५ च्या जानेवारीत ते ऐच्छिक झालं, वेगळा निधी नाही, लोकसहभागातून करा म्हणाले. शाळेत अंडं द्यावं की नको, या वादाचं राजकारण बाजूला ठेवा. दुकानदार म्हणून सांगते, अंड्यात भेसळ होत नाही. ते जुनं करून खपवता येत नाही, फोडलं की वासच येतो. त्यात पाणीही वाढवता येत नाही. एक मूल, एक अंडं, दुसरीतलं पोरही मोजून सांगेल. ज्याच्यावर नजर ठेवायला काही खर्च नव्हता तीच वस्तू गेली.

पैसा कमी आहे हेही खरं. २०२५ च्या मे महिन्यापासून पहिली ते पाचवीच्या मुलामागं तांदूळ सोडून बाकीच्या साहित्याला ६ रुपये ७८ पैसे धरलेत. त्यात डाळ, तेल, भाजी, मसाला, इंधन सगळं आलं. माझ्या दुकानात एवढ्या पैशात पाचवाला बिस्किटपुडा येतो. पण पैसा कमी आहे म्हणून तरी आहे तो माल धड यायला हवा की नको?

आपल्या वर्तमानपत्रातून शिक्षण खात्याला माझं मागणं पोचावं. प्रत्येक शाळेला शिक्क्याचा वजनकाटा द्या. टेम्पो येण्याची तारीख आदल्या दिवशी शाळेला कळवा, म्हणजे समितीतलं कुणीतरी हजर राहील. पावतीवर 'मिळालेलं प्रत्यक्ष वजन' असा रकाना ठेवा आणि ॲपमध्ये तोच आकडा चढवा, पोत्यावर छापलेला नको. कडधान्याचं पोतं आलं की त्यातलं वाटीभर तिथंच भिजत घाला. दुसऱ्या दिवशी मोड आले नाहीत तर पोतं परत, आणि बदलीचा माल आठ दिवसांत. तोवर जेवण बंद पडायचं कारण नाही. धान्य किंवा पैसे वेळेवर आले नाहीत तर मुख्याध्यापकांनी शाळेकडचा दुसरा निधी तात्पुरता वापरावा, अशी सोय २०१५ च्या माध्यान्ह भोजन नियमांतच आहे. पण ते मुख्याध्यापकांना कुणी सांगत नाही. त्याच नियमांत दर महिन्याला काही शाळांमधलं शिजवलेलं अन्न मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावं असं लिहिलंय. सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्या शाळांचे नमुने गेले आणि काय निघालं, ते पंचायत समितीच्या फलकावर लावा. आमच्या समितीत असा एकही अहवाल आजवर वाचला गेलेला नाही.

ती मटकी परत न्यावी म्हणून आम्ही लेखी दिलंय, पोच घेतलीय. पोतं अजून कोठीतच आहे.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीची एक सदस्य,
ता. बार्शी, जि. सोलापूर
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये.)