चाकाचं काय ठरवलंस?

कराड, रविवार रात्र

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

दुपारी फोन आधी तू ठेवलास की मी, यावर आता वाद नको. चाकाचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. पण तुझा फोटो सारखा मोठा करून बघतेय. चाकाच्या नटांच्या चारातली दोन भोकं गोल राहिलेली नाहीत, बदामासारखी लांबट झालीत. नट टेकतो तो उतार एका अंगाने खाल्लाय आणि भोवती काळपट पूड आहे. ती रस्त्याची धूळ नव्हे, घासून निघालेलं ॲल्युमिनियम आहे. म्हणजे नट ढिले झाल्यावरही गाडी बरीच पळालीय.

‘चारही नट आवळले की झालं’ म्हणालास. नाही होत रे. चाकाचा भार नुसते स्टड, म्हणजे नट ज्यांवर चढतात ते बोल्ट, पेलत नाहीत. नटाच्या दाबाने चाक हबला, म्हणजे मागच्या फिरत्या चकतीला, घट्ट चिकटून बसतं, त्या घर्षणावर सगळं चालतं. दाब गेला की चाक हबवर सरकतं आणि प्रत्येक फेऱ्याला भोकं ठोकली जातात. आता उतारच वाकडा, मग नट पुरता टेकणार कुठे? आवळलास तरी पुन्हा ढिला होणार. भोक वेल्डिंगने भरून देणारा कोणी भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार कर. त्या उष्णतेने अलॉयची ताकद जाते. चाक बदलायचंच.

डिझाइन जुळत नाही म्हणून अडून बसू नकोस. साइज, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते), 4 बाय 100 चा पीसीडी (100 मिलीमीटरच्या वर्तुळावर चार भोकं) आणि मधलं 54.1 मिलीमीटरचं भोक जुळलं की पुरे. तोवर साधी लोखंडी रिम चालेल, मुग्धा काही चाकाचे फोटो काढणार नाही.

स्टेपनीवर येतो म्हणालास. पण स्टडच गेले असतील तर स्टेपनी तरी कशावर उभी राहणार? आधी ते बघ. नवा नट पान्ह्याशिवाय, बोटांनी मुळापर्यंत फिरला पाहिजे. मध्ये अडकला तर स्टड ताणलाय किंवा आटे गेलेत. एक खराब निघाला तरी त्या हबचे चारही बदल, मार सगळ्यांनी खाल्लाय. नटही नवेच घे. मारुतीचे 12 बाय 1.25, ह्युंदाईचे 12 बाय 1.5; जाडी 12 मिलीमीटरच, पण आट्यांमधलं अंतर वेगळं. टायरवाल्याच्या डब्यात दोन्ही एकत्र लोळत असतात, आणि नट आवळायच्या गनने चुकीचाही चढतो, आटे कापत. बाबा डोळे मिटून बोटांनी ओळखायचे. तू मुद्दाम उलटे हातात द्यायचास, ते ‘हा ह्युंदाईचा, चोरा’ म्हणायचे. दुकानाच्या काउंटरवरचा तो पत्र्याचा डबा अजून आहे. असो.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून घे. आट्यांना तेल-ग्रीस नको. तेलाने पान्हा हलका लागतो आणि नट जास्त आवळला जाऊन स्टड ताणतो. उतारावर रंग नको, तो दबला की नट सैल. चारही नट आधी हाताने लाव, मग समोरासमोरचे आवळ. शेवटचा हात टॉर्क रेंचचाच, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्ह्याचा, गनचा नाही. लहान गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर लागतात. तुझ्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. हे शेवटचं कोणीच करत नाही.

झालं माझं प्रवचन. चिडू नकोस. साइटवर चाळीस माणसं तुझ्या शब्दावर चालतात, हे मी इथे शेजाऱ्यांना दहादा सांगते, आणि तुलाच नट कसा आवळायचा ते शिकवते.

पण मुग्धाला सातवा लागलाय. गुरुवारी तुम्ही खंबाटकी चढून येणार. ‘हळू चालवेन’ म्हणू नकोस, हळू चालवून भोक गोल होत नाही. मंद वेगात टकटक ऐकू येते का, स्टिअरिंग थरथरतं का, एवढं तरी उद्या ऑफिसला जाताना... नाही, उद्या गाडी काढूच नकोस.

बुधवारपर्यंत चाक मिळालं नाही तर कोयना एक्स्प्रेसने या. ओगलेवाडी स्टेशनवर मी रिक्षा घेऊन उभी राहीन. मुग्धाला खिडकीची जागा दे, आणि सामान तू उचल.

तुझी,
आई