बेसबॉल म्हणजे नुसते होमरन नाहीत हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

खेळाच्या पानावर कधी चुकून बेसबॉल आलाच तर होमरनचंच कौतुक असतं, म्हणजे आपल्याला षटकार कळतो म्हणून तेवढंच छापायचं का? एकदा अमेरिकेच्या रिकी हेंडरसनवर पण लिहा की, बेस चोरण्यातला बादशहा. डिसेंबर २०२४ मध्ये गेला बिचारा, ६६वा वाढदिवस पाच दिवसांवर आलेला.

लेफ्ट फील्डचा आउटफिल्डर, म्हणजे सीमेकडचा डावीकडचा फील्डर, अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये २५ सीझन, ९ टीम आणि १४०६ स्टोलन बेस, म्हणजे चोरलेले बेस! दुसऱ्या नंबरवर लू ब्रॉक, ९३८. एवढी तफावत दुसऱ्या कुठल्या खेळात असेल तर मला तरी आठवत नाही.

बेस म्हणजे धाव पुरी करायला एकामागून एक गाठायचे थांबे. तो चोरायचा म्हणजे पिचर (त्यांचा बॉलर) बॉल टाकतोय न टाकतोय तोच सुटायचं, ९० फूट पळायचं आणि कॅचरचा (त्यांच्या विकेटकीपरचा) थ्रो यायच्या आत पुढचा बेस गाठायचा. आपली चोरटी धाव साधारण अशीच, फक्त इथे बॅटला बॉल लागायचीही वाट बघत नाहीत. लोक म्हणतात पाय फास्ट होते म्हणून जमलं, अहो फास्ट पायवाले ढिगाने आले आणि गेले! हा बेसपासून चार पावलं पुढे सरकून, गुडघ्यात वाकून, बोटं हलवत पिचरला वाचत बसायचा, आणि मग सुटला की शेवटी डोकं पुढे करून पोटावर झेप. बरं, पहिला बेस काही चोरता येत नाही, तिथे आधी पोचावं लागतं. त्यासाठी बॅटिंगला इतका वाकून उभा राहायचा की स्ट्राइक झोन, म्हणजे पिचरने बॉल टाकायची वैध चौकट, चिमूटभर उरायचा, म्हणून तर २१९० वॉक मिळाले (चार बॉल चौकटीबाहेर गेले की पहिला बेस फुकट).

१९८२ मध्ये १३० बेस चोरले, १९०० नंतरचा एका सीझनचा तो रेकॉर्ड सगळे सांगतात. त्याच सीझनला ४२ वेळा पकडला गेला ते कोणी सांगत नाही, मला तर तेच जास्त आवडतं. आणि १९९८ ला, वयाच्या ३९व्या वर्षी, ६६ बेस चोरून पठ्ठ्या अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) पहिला!

लेख छापलात तर फोटो १ मे १९९१ चा टाका, ब्रॉकला मागे टाकल्यावर तिसरा बेस जमिनीतून उपटून डोक्यावर धरलेला. त्याच दिवशी पिचर नोलन रायनने सातवा नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट दिला नाही, पण त्याचा फोटो नको.

आपला,
एक जुना वाचक