ॲडव्हान्स भरायच्या आधी पोर्टरचं विचार

प्रिय भावा,

तुझा मेसेज बघितलो, एव्हरेस्ट बेस कॅम्पचं फायनल करायलायस म्हणून लई बरं वाटलं. बूट, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी वगैरे सगळं सांगतो पण ते नंतर, सध्या पाठीवर थोडं वजन घेऊन येळ्ळूरचा राजहंसगड चढायला लाग एवढं पुरे. मला बोलायचंय ते ट्रेक कंपन्यांच्या त्या कोटेशनबद्दल. सगळ्यात स्वस्त असेल तीच कंपनी घ्यायची म्हणून तुमच्या ग्रुपवर सगळे मागं लागलेत, पण तिला स्वस्त परवडतंय कसं हे कुणीच विचारेना. ट्रेक सुरू होतो त्या लुकलाचं विमान, परमिट, लॉज हे सगळ्यांना जवळपास सारखंच पडतंय रे, मग काटतात ते पोर्टरच्या, म्हणजे ओझं वाहणाऱ्याच्या मजुरीत, आणि दोघांच्या बॅगा उचलणाऱ्याच्या पाठीवर तिसरी बांधतात.

मी गेलतो तेव्हा वाटेतल्या नामचे गावाच्या चढाला आमच्या बॅगा घेतलेला पोरगा जेमतेम विशीतला असेल. कपाळावरून घेतलेला पट्टा, नामलो म्हणतात त्याला, सगळं वजन त्याच्यावर, पायात साधे कॅनव्हासचे बूट, आणि थोडं चढलं की हातातली टी आकाराची काठी मागं ओझ्याखाली टेकवायची नि उभ्या उभ्याच दम खायचा, कारण एकदा खाली बसलं की उठणं अवघड. पट्टा काढला की कपाळावर खोल वळ. बेस कॅम्पच्या आधीच्या शेवटच्या मुक्कामाला, गोरक्षेपला, ५,१६४ मीटरवर, आम्ही स्लीपिंग बॅगमध्ये आणि हा डायनिंग हॉलच्या बाकावर एका ब्लँकेटवर. जॅकेट दिलंच नव्हतं त्याला. लीडरला विचारलं तर म्हणे, इनको आदत है. आदत कसली डोंबलाची! हे पोर्टर बरेचदा शेर्पा नसतातच, खालच्या गावातले राई, तामांग शेतकरी असतात, शेतीची कामं आटोपली की वर येतात, उंची त्यांनाही आपल्यासारखीच बाधते. १९९७ साली नेपाळात असाच एक पोर्टर उंचीमुळं आजारी पडला, त्याला एकट्यालाच खाली पाठवून दिलं आणि तो गेला. त्यानंतरच पोर्टरांच्या संरक्षणासाठी इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप उभा राहिला.

म्हणून पोर्टर घेऊच नको असं मी म्हणत नाही हं, ते तर लईच चुकीचं. आपल्या खानापूरकडची पोरं गोव्याला कामाला जातात तसं त्यांचं घर या सीझनवर चालतंय. घे, पण नीट विचारून घे. एकाच्या पाठीवर किती किलो देणार? नेपाळात चांगल्या कंपन्या ३० किलोच्या वर देत नाहीत, आफ्रिकेतल्या किलिमांजारोवर तर २० किलोचा नियम आहे आणि गेटवर वजन करतात. मजुरी किती, इन्शुरन्स आहे का, बूट-जॅकेट कोण देणार, रात्री झोपायला जागा कुठं, आणि आजारी पडला तर त्याच्यासोबत खाली कोण जाणार, हे सगळं लेखी मागून घे. गोलगोल उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघ. ॲडव्हान्स एकदा भरलास की तुझं कोण ऐकणार नाही.

तुमच्या बॅगा पण कमी करा, आठ-नऊ किलोत सगळं बसतंय, प्रत्येकाला दोन दोन जीन्स कशाला लागतात तिथं? टीप लीडरकडं एकगठ्ठा देऊ नका, शेवटच्या संध्याकाळी ज्याच्या त्याच्या हातात द्या. नाव विचारा, वर पोचल्यावर फोटोत घ्या.

रविवार पेठेत तुझ्या दुकानासमोर गाडी खाली होते तेव्हा हमालांची मजुरी तू कधी पाडून मागत नाहीस, लहानपणापासून बघायलोय मी तुला. म्हणूनच ग्रुपवर हे तूच बोल, तुझं ऐकतील. माणशी दोन-तीन हजार जास्त लागले तर लागू देत, एवढा खर्च करायलाच लागलोय तर तेवढ्यानं काय होणार.

तिन्ही कोटेशनं मला पाठव, पोर्टरबद्दल काय लिहिलंय ते बघतो आणि रात्री दुकान बंद केलास की फोन कर.

तुझाच,
टिळकवाडीचा मित्र