खांड, उघाडी आणि कुर्लीचा पाय

खारेपाट, धरमतरच्या खाडीकाठी
नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार

प्रिय विल्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "अरे, शेतात गुडघाभर पाणी होतं म्हणतोस, मग भात सुकलं कसं?" आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. तुला वाटलं असेल, दिनू चिडला. चिडलो नव्हतो. उलट तो प्रश्न डोक्यात बसला. आईनंही बांधावर उभं राहून हेच विचारलं होतं, "पान्यान उभा हाय न सुकलाय कसा?" तेव्हा मला काही सांगता आलं नाही. आता सांगता येईल असं वाटतंय, म्हणून पत्र. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

झालं असं. दिव्याच्या अवसेचं उधाण होतं, वारा खाडीकडून. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला, रात्री खांड गेली, बांध फुटला. पहिल्यांदा हातभर असेल, सकाळी बघतो तर बैलगाडी जाईल एवढी. त्यात उघाडीच्या, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या मोरीच्या, एका दाराची फळी कुजलेली होती. ती बदलायची आहे हे आम्ही दोन वर्षं एकमेकांना सांगत होतो. आजोबांच्या वेळी जोळ होता, घरटी माणूस बांधावर गेलाच पाहिजे असा दंडक. आता घरटी माणूस अलिबागला नाहीतर मुंबईला. जाऊ दे, ते रडगाणं भेटीत. खारं पाणी आत आलं, खांड बांधायला तीन दिवस गेले, आणि वर पावसानं आठ दिवस दडी मारली. लावणी होऊन तीन आठवडे झालेलं भात. आधी पानं सुरळीसारखी मिटली, मग शेंडे पांढरे पडले, मग खालची जुनी पानं करपली. पाणी बुंध्याशी चमकत होतं आणि वर रोप उन्हाळ्यातल्या गवतासारखं.

मनूला आठवीत पेशीचा धडा आहे. त्यासाठी मी एका बंद पडलेल्या क्लासमधून जुना सूक्ष्मदर्शक आणलाय. तुला आठवतं का, आपण "1665, रॉबर्ट हूक, बुचाचा काप" एवढं घोकून दोन मार्क मिळवायचो? काचेखाली काय दिसतं ते आपल्याला कुणी दाखवलंच नाही. त्या रविवारी दारातल्या कुंडीतलं र्‍हिओचं पान तोडलं, तेच, वरून हिरवं आणि खालून जांभळं. जांभळ्या बाजूची पातळ साल नखानं सोलली, काचपट्टीवर साध्या पाण्याच्या थेंबात ठेवली. शहाबादी फरशी बसवावी तशा षटकोनी पेशी, एकेक कडेपर्यंत जांभळ्या रसानं गच्च. मग मनूनं ग्लासभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून त्याचा एक थेंब कडेनं सोडला आणि दुसऱ्या बाजूनं टिपकागदानं ओढून घेतला.

दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मग एका पेशीचा कोपरा रिकामा दिसायला लागला. जांभळा रस भिंतीपासून सुटून मध्ये गोळा होत होता, जशी तापलेल्या तव्यावर प्लॅस्टिकची पिशवी आक्रसते तशी. भिंत जागच्या जागी, आतलं घरकुल मात्र आखडलेलं. मनू म्हणाली, "बाबा, हा रससंकोच. पुस्तकात आहे." मी काचेवरून डोळा काढला आणि मला शेत दिसलं.

पेशीला वनस्पतीत दोन आवरणं असतात बघ. बाहेरची पेशीभित्तिका जाड, पाणी आणि मीठ दोन्ही तिच्यातून आरपार. तिच्या आत चिकटून प्रद्रव्यपटल, आणि खरा पहारा तिथे. मीठ त्या पटलातून सहज जात नाही, पाणी जातं. आणि पाणी जिकडे विरघळलेलं जास्त तिकडे ओढलं जातं. याला परासरण म्हणायचं. 1748 साली नोले नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं दारूच्या अर्कानं भरलेल्या भांड्याला डुकराच्या मूत्राशयाचा पडदा बांधून ते पाण्यात बुडवलं, तर पाणी आत शिरून पडदा टम्म फुगला. आपल्याकडे हे पुस्तकाशिवाय चालूच होतं. रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की दोन दिवसांत ती पाक होऊन बसते ना, तो रस साखरेनं ओढलेला. खारवलेला बांगडा टिकतो तोही त्यामुळेच, मिठानं माशातलं पाणी जातं आणि जंतूंतलंही.

तर भाताचं मूळ जमिनीतलं पाणी ओढू शकतं ते मुळाच्या आतला रस बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट असतो म्हणून. खाडीचं पाणी आलं आणि बाहेरचंच दाट झालं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, खाडीत पावसाळ्यात कमी, पण भाताला त्याच्या कितीतरी कमी पुरतं मरायला. बुंध्याशी पाणी होतं विल्या, पण रोपाच्या उपयोगाचं नव्हतं. आणि तेवढ्यावर भागत नाही. हळूहळू सोडियम मुळातून वर चढतो, पानांत साठतो आणि तिथली कामं बिघडवतो. जुनी पानं आधी करपली ती त्यामुळे, त्यांच्यात तो जास्त दिवस साठत राहिला.

आता पटलाचं. हे वाचून मी खरोखर चाट पडलो. जाडी किती, तर मिलिमीटरचे सव्वा लाख भाग केले तर त्यातला एक. आणि बनलंय कशाचं? मुख्यतः स्निग्ध पदार्थाचं. डोकं पाण्याकडे, शेपट्या एकमेकींकडे, अशा रेणूंच्या दोन रांगा. म्हणजे पाण्यात उभा असलेला तेलाचा पापुद्रा. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड त्यातून आरामात जातात. मिठाच्या कणांवर विद्युतभार असतो, त्यांना तेलात थारा नाही. 1972 मध्ये सिंगर आणि निकोल्सन या दोघांनी मांडलं की हा पापुद्रा घट्ट नसतो, वाहता असतो, आणि त्यात प्रथिनं तरंगत असतात. ही प्रथिनं म्हणजे आमच्या उघाड्या. बांध कितीही भक्कम बांध, उघाडी नसेल तर पावसाचं पाणी आत तुंबून भात कुजणार. भरतीला दार आपोआप मिटायचं, ओहोटीला उघडायचं, हे जमलं म्हणून खारेपाट आहे.

फक्त पेशीच्या उघाड्या आमच्यापेक्षा फार चोखंदळ. एक नुसती पाण्यासाठीच. पीटर अ‍ॅग्रे हा अमेरिकन शास्त्रज्ञ रक्ताच्या पेशींवर काम करताना एका अनोळखी प्रथिनाला अडखळला. ते काय करतं कळेना. 1992 मध्ये त्याच्या गटानं बेडकाच्या अंड्यांत ते तयार करवलं आणि अंडी कमी मिठाच्या पाण्यात सोडली. साधी अंडी होती तशीच राहिली. प्रथिनवाली फुगली आणि काही मिनिटांत फटाफट फुटली. सेकंदाला तीन अब्जांच्या आसपास रेणू, एका रांगेत, एका दारातून, आणि मिठाचा एक कण आत नाही. त्याला 2003 चं नोबेल मिळालं. आमच्या उघाडीला फळी मिळत नाही.

आता खरी मजा ऐक. घरामागच्या तलावातही खारं पाणी शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी रोहू आणि कटला उताणे तरंगत होते, अकरा मोजले मी. पण जिताडा? दोन दिवसांनी संध्याकाळी पाण्यात असा फटका मारला की मनूच्या फ्रॉकवर चिखल. तो मुळातच खाडीचा. आम्ही त्याची बोटभर पिल्लं खाडीतून आणून गोड्या तलावात वाढवतो, हे तू बघितलंयस. मग त्याच्या अंगातलं पाणी खाऱ्यानं का नाही ओढून घेतलं? तर ओढतंच. खाऱ्यात असला की तो घटाघटा पाणी पितो आणि त्यातलं जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशी बाहेर फेकतात. गोड्यात आला की त्याच कल्ल्यांचा कारभार उलटा होतो, मीठ बाहेरून वेचून आत घ्यायचं आणि पातळ लघवीवाटे पाणी टाकत राहायचं. कमी मिठाकडून जास्त मिठाकडे मीठ ढकलायचं म्हणजे चढावर पाणी नेणं. तिथे उघाडी काय कामाची? तिथे रहाट लागतो आणि रहाटाला बैल लागतो.

तो रहाट सापडला कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, पायात. थट्टा नाही. डेन्मार्कमधला येन्स स्कू किनाऱ्यावरच्या कुर्ल्यांच्या पायांतल्या मज्जातंतूंवर काम करत होता. त्याला त्यात एक विकर (एन्झाइम) सापडलं, जे सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असले तरच नीट चालतं. 1957 मध्ये त्यानं ते छापलं, नोबेल मिळालं 1997 ला. हा पंप आतून तीन सोडियम उचलतो, ऊर्जेचा एक रेणू मोडतो, कूस बदलतो, ते बाहेर टाकतो आणि परत येताना दोन पोटॅशियम आत आणतो. तुझ्या-माझ्या प्रत्येक पेशीत हेच चाललंय. नुसता बसून तू हे पत्र वाचतोयस ना, त्या वेळी तुझं शरीर जेवढी ऊर्जा खर्चतंय त्यातला पाचवा हिस्सा, कदाचित जास्तच, या रहाटावर जातोय. आम्ही घरटी एक माणूस बांधावर पाठवायला कुरकुरतो. कुर्ली खाताना नांगीबरोबर पायही चावून चोखत जा, एवढंच म्हणतो.

भाताकडे हा स्कूचा पंप नाही. ते प्रोटॉनचा पंप चालवतं आणि त्याच्या जोरावर सोडियम बाहेर ढकलतं, नाहीतर रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, कोंडून ठेवतं, घरातली अडगळ माळ्यावर टाकावी तसं. काही वाणांना हे जास्त जमतं. आमचा जुना राता तसा होता. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं काढलेली पनवेल-1, 2, 3 ही तशीच. मी यंदा जास्त उताऱ्याच्या लोभानं भलतंच बियाणं घेतलं होतं. आई त्यावर एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

चिखलात तीन दिवस काढल्यावर मलाही जुलाब लागले, तेही सांगून टाकतो. वहिनीला सांगू नकोस, ती लगेच आईला फोन करेल. लिटरभर उकळलेल्या पाण्यात सहा छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, दिवसभर घोट घोट. साखर का, हे मला या वाचनात कळलं. आतड्याच्या पेशीत एक दार असं आहे की सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आले तरच उघडतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी येतं. नुसतं पाणी प्यायलो असतो तर बरंचसं वाहूनच गेलं असतं. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत हे पाणी कालवून लोकांच्या नातेवाइकांच्या हातात दिलं. तिथला मृत्युदर तीस टक्क्यांच्या आसपास होता तो चारच्या खाली आला. एका दाराची किल्ली, मीठ आणि साखर.

पाऊस परत लागलाय. खार धुतला जातोय, खालच्या दोन खाचरांत काही रोपांना नवी पात फुटली आहे. वरची दोन गेली ती गेली. शेजाऱ्याकडे राब उरलाय, तो लावायला आता उशीर झालाय, पण आई म्हणते लाव, तर लावतो. उघाडीची फळी मात्र बसवली, सागाची, दोन घरांनी पैसे काढले आणि तिसऱ्यानं अजून दिले नाहीत.

गणपतीला येशील तेव्हा पुण्याहून काचपट्ट्या आणि झाकणकाचांची एक डबी आण, इथे मिळत नाहीत आणि मनूनं सहा फोडल्यात. आणि भूक ठेवून ये. जिताडा मी विसर्जन होईपर्यंत राखून ठेवलाय.

तुझा,
दिनू