भोसरीच्या बफिंगवाल्या मामांना जाहीर आभार

मामा, सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून छापत नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार. बफिंगने, म्हणजे मशीनने घासून, चकचकीत झालेला माझ्या विमानाचा डावा पंख बघून लोक ‘क्रोम मारलंय का?’ असं विचारतात, आणि दर वेळी मला तुमच्याविषयी सांगावंसं वाटतं.

मी बांधतोय त्या दोन आसनी विमानाला रंग द्यायचा नाही, धातू उघडाच ठेवायचा, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. रंगाचं वजन वाचतं हे एक कारण. खरं कारण म्हणजे जुन्या डग्लस डीसी-३ विमानांची झळाळी. तिचं मला लहानपणापासून वेड आहे. पॉलिशचे डबे कोणते, लोकरी पॅड कुठला, हे सगळं वाचून झालं होतं. पण वाचून हात तयार होत नाही. भोसरीतल्या तुमच्या शेडमध्ये मी पत्र्याचा नमुना घेऊन आलो, तेव्हा तुम्ही त्यावर अंगठा फिरवलात आणि मशीन सुरू करायच्या आधीच विचारलंत, “यावर थर आहे ना? केवढा?”

तो प्रश्न ऐकला आणि मी निर्धास्त झालो. कारण सगळी मेख त्या थरातच आहे. हा पत्रा ‘२०२४’ क्रमांकाच्या अॅल्युमिनियम मिश्रधातूचा. त्यात सुमारे ४ टक्के तांबं असतं. त्याने ताकद येते, पण गंजही लवकर धरतो. म्हणून दोन्ही बाजूंना शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. अॅल्क्लॅड नावाची ही युक्ती १९२७ पासूनची. माझा पत्रा जेमतेम ०.६ मिलिमीटरचा, त्यावर एका बाजूचा थर साधारण ५ टक्के, म्हणजे ०.०३ मिलिमीटर. केसाहून पातळ. चमकतो तोच आणि गंजापासून वाचवतोही तोच. घासता घासता तो निघून गेला, की परत चढवता येत नाही.

तुमची हयात निकेल चढवलेल्या मालावर गेली. बफ, म्हणजे घासायचं कापडी चाक, जास्त दाबला की कडेला निकेल उडतं आणि खालचं तांबं दिसतं, हे तुम्ही शेकडो नगांवर पाहिलेलं. “थर आधी कडेला जातो,” असं म्हणून तुम्ही पत्र्याच्या जोडांना आणि गोल डोक्याच्या रिव्हेटांना, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांना, मशीन लावूच दिलं नाहीत. तिथे फक्त फडकं आणि बोट. मशीन कडेवर चढवायचं नाही, कडेवरून उतरवायचं, हे तुम्ही माझं मनगट धरून शिकवलंत. हाताला चटका बसेल इतका पत्रा तापला की थांबायचं. दोनेक फुटांचा चौकोन घ्यायचा, तो पुरा झाल्यावरच पुढे सरकायचं.

आणि तुमची शिस्त! लोखंडाला लागलेला बफ माझ्या पत्र्याच्या आसपास फिरकू दिला नाहीत. लोखंडाचे कण अॅल्युमिनियममध्ये रुतून बसले की पुण्याच्या पावसाळी हवेत तिथूनच गंज सुरू होतो. शिवाय अॅल्युमिनियमची बारीक धूळ ठिणगीने पेटते, म्हणून ग्राइंडर दुसऱ्या टोकाला आणि मास्क सगळ्यांच्या तोंडावर. हे मुद्दाम लिहितोय, कारण एमआयडीसीतल्या किती शेडमध्ये हे पाळलं जातं देव जाणे.

मला सगळ्यात भावली ती तुमची तपासणी. पत्रा चमकला की मी खूश. तुम्ही मात्र वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहायचात. नळी सरळ दिसली तर ठीक. कडा पिसारल्या किंवा गोल गोल ओरखड्यांचं जाळं दिसलं, तर दोन डोक्यांचं ऑर्बिटल मशीन, बारीक पॉलिश आणि फ्लॅनेल घेऊन पुन्हा एक हलकी फेरी. मी कसब्यात वाढलो, तांबट आळीतले ठोके ऐकत. चांगला कारागीर नजरेने मोजतो हे तिथे ऐकलं होतं. समोर उभं राहून पाहिलं ते तुमच्याकडे.

हक्काच्या रविवारच्या सुट्ट्या तुम्ही या पंखावर घातल्यात. मामींनाही माझा नमस्कार सांगा. काळेकुट्ट झालेले शर्ट त्यांनीच धुतले असणार.

शेपटीचे पत्रे दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की घ्यायचे आहेत. त्याआधी एकदा धाकटीला घेऊन या. तिला रिव्हेट मारून बघायचा होता ना? शेपटीच्या टोकाची एक रांग तिच्यासाठी मोकळी ठेवली आहे.

तुमचा ऋणी,
विमानवाला